सागवान तुळशीच्या कुळात कसा गेला? कोकणातली झाडं आणि त्यांची नव्याने लागलेली नाती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आणि थंडीत खाडीकाठी झाडं बघायला येणारी मंडळी मला वर्षानुवर्षं तेच तेच प्रश्न विचारतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांना वाटतं, आपण पाठ केलेलं सगळं कोणीतरी परस्पर बदलून टाकलं. बागायतदार विचारतात, नाव बदलल्याने आमच्या झाडाला काय फरक पडतो? दोघांचंही विचारणं रास्त आहे, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो.

वाचताना एक लक्षात असू द्या. शाळेच्या पुस्तकांप्रमाणे इथे ‘जाती’ ही सर्वांत खालची पायरी आहे. जवळच्या जाती मिळून ‘प्रजाती’ होते आणि जवळच्या प्रजाती मिळून ‘कुळ’. वर्तमानपत्रं बहुतेक वेळा पहिल्या पायरीलाच प्रजाती म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो.

सागवान आणि तुळस एका कुळात, हे खरंच आहे का?

हो, खरं आहे. जुन्या पुस्तकांत सागवान घाणेरीच्या कुळात, म्हणजे व्हर्बिनेसीत असायचा. सोबत निर्गुडी, शिवण आणि आपण जिची फुलं-पानं भाजीला आणतो ती भारंगी. आज ही चारही झाडं तुळशीच्या कुळात, लॅमिएसीत आहेत. घाणेरी मात्र जुन्या घरीच राहिली.

जुनी मंडळी चुकली कुठे, हे बघण्यासारखं आहे. तुळशीच्या फुलात अंडाशयाचे खोलवर विभागलेले चार भाग असतात आणि कुक्षीवृंत, म्हणजे अंडाशयातून वर येणारी बारीक दांडी, त्यांच्या मधून, तळापासून निघतो. साग, निर्गुडी, घाणेरी यांच्यात तो अंडाशयाच्या टोकावरून निघतो. हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो, म्हणून दोन कुळं केली. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं की टोकावरून निघणारा कुक्षीवृंत ही या सगळ्या घराण्याची जुनी ठेवण आहे. जुनी ठेवण ज्यांनी ज्यांनी टिकवली ते सगळे एकमेकांचे सख्खे, असं होत नाही. दोन चुलत भावांनी पणजोबांसारखी धोतरं नेसली म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत, तसंच हे.

सागाची कोवळी फांदी बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागते. तुळशीचीही तशीच. हे सांगितलं की लोक खूश होतात, पण घाणेरीची फांदीही चौकोनीच असते. एकाच खुणेवर नातं जोडायला गेलं की अशी फसगत होते.

मग पूर्वी कुळं ठरवायचे तरी कशी?

चेहरेपट्टीवरून. लिनियसने १७५३ साली आपल्या ग्रंथात जगभरच्या वनस्पतींना दोन शब्दी नावं दिली. आजही वनस्पतींच्या नावांची सुरुवात त्याच वर्षापासून धरतात. त्याची वर्गवारी मुख्यतः फुलातल्या पुंकेसरांच्या संख्येवर होती. मोजायला सोपी, पण एकमेकांशी काही देणंघेणं नसलेली झाडं एका रांगेत आणून बसवणारी. नंतर बेंथॅम आणि हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात फूल, फळ, बी, पान या सगळ्यांचा विचार करून नवी मांडणी केली. आपल्याकडच्या वनस्पतिसंग्रहांतली कपाटं याच क्रमाने लागली. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ काढला, तो कोकणात फिरणाऱ्या अभ्यासकाला आजही लागतो. त्याचाही कणा हाच.

या लोकांबद्दल मला अपार आदर आहे. बोटीने आणि पायी फिरून, भिंगाखाली फुलं उघडून त्यांनी केलेल्या कामातला बराच मोठा भाग डीएनएच्या कसोटीलाही उतरला. गवतं, डाळी, सूर्यफुलाचं कुळ, आंबा-काजू-बिब्ब्याचं कुळ, हे सगळे गट त्यांनी नुसत्या डोळ्यांनी बरोबर ओळखले होते. प्रश्न मात्र बदलला आहे. तेव्हा विचारायचे, कोण कोणासारखं दिसतं? आता विचारतात, कोण कोणापासून झालं? गावात तोंडावळा बघून भावकी ठरवता येत नाही, वंशावळ काढावी लागते.

पानातून वंशावळ कशी निघते?

जुन्या पोथ्यांचं उदाहरण घ्या. एका पोथीची नक्कल करताना लेखनिकाकडून एखादं अक्षर चुकतं. त्या नकलेवरून पुढे ज्या ज्या प्रती होतात त्यांत ती चूक उतरते. शंभर प्रती शेजारी ठेवल्या आणि कोणत्या चुका कोणात सारख्या आहेत हे पाहिलं, की कोणती प्रत कोणावरून उतरली ते सांगता येतं. डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली पोथी. पिढ्यान्‌पिढ्या तिची नक्कल होते आणि अधूनमधून अक्षर बदलतं. सामाईक बदल जुळवून वंशवृक्ष मांडायचा. अक्षरं लाखोंनी असतात, म्हणून हे काम संगणक करतो.

प्रत्यक्षात आम्ही झाडाचं कोवळं, निरोगी पान घेतो आणि सिलिका जेलच्या दाण्यांत ठेवून झटपट वाळवतो. कोकणातल्या जुलैत हे झटपट होणं फार महत्त्वाचं, नाहीतर दोन दिवसांत पानाला बुरशी धरते आणि डीएनएचे तुकडे होतात. प्रयोगशाळेत पान कुटून डीएनए वेगळा काढतात, हवा तेवढाच भाग लाखो पटींनी वाढवतात आणि मग त्याची अक्षरं वाचतात.

सुरुवात हरितलवकातल्या एका जनुकापासून झाली. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को नावाचं विकर ज्या जनुकामुळे तयार होतं, ते हे जनुक. सगळ्या हिरव्या झाडांत ते असतं, म्हणून तुलना करता येते. १९९३ साली सुमारे ५०० जातींमधलं हे जनुक ताडून एक मोठा वृक्ष प्रसिद्ध झाला आणि जुन्या मांडणीला पहिला जोराचा धक्का बसला. त्यानंतर वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी एकत्र येऊन १९९८ साली सपुष्प वनस्पतींची नवी वर्गवारी मांडली. २००३, २००९ आणि २०१६ साली ती सुधारली. एपीजी नावाने ओळखतात ती हीच. २०१६ च्या आवृत्तीत ६४ गण, म्हणजे जवळच्या कुळांचे गट, आणि ४१६ कुळं आहेत.

खाडीतली खारफुटी म्हणजे एकच घराणं ना?

नाही, आणि हे उत्तर मला सर्वांत जास्त आवडतं. भरती उतरत असताना होडीतून बघितलं तर काठावरची सगळी हिरवळ एकजात वाटते. जाड चकचकीत पानं, चिखलातून वर आलेली मुळं, फांदीवरच रुजायला लागलेलं फळ. पण प्रत्येक झाडाचं माहेर वेगळं आहे.

तिवर घ्या. तिला कधी घाणेरीच्या कुळात ठेवायचे, कधी तिच्यासाठी स्वतंत्र कुळ करायचे. आता ती अडुळशाच्या कुळात आहे. म्हणजे अडुळसा, कोरांटी, घाटावर सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आणि खाडीतलीच काटेरी पानांची मारांडी, ही सगळी तिची सोयरी. जुन्यांना हे सुचलं नाही त्याला कारण होतं. कोरांटीची वाळलेली बोंडं पाण्यात टाकली की तडकून बिया उडतात, कारण आत बी फेकणारे आकडे असतात. अडुळशाच्या कुळाची ही मोठी खूण. तिवरेच्या फळात असलं काही नाही. पुढे कळलं की या घराण्याच्या जुन्या फांद्यांवर आकडे मुळी नव्हतेच आणि तिवर तसल्याच एका जुन्या फांदीवर बसते.

पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. तिला पूर्वी स्वतःचं कुळ होतं. आज ती मेंदी आणि डाळिंबाच्या कुळात आहे. यावर कोणी विश्वास ठेवत नाही तेव्हा मी चिपीचं फळ हातात देतो. त्याला चिकटलेली चांदणी बघा आणि डाळिंबाचा मुकुट आठवा. काजळा वावडिंगाच्या जवळचा. गेवा, ज्याचा चीक डोळ्यात गेला तर आग आग होते, तो एरंडाच्या घरचा. कांदळाचं स्वतःचं कुळ आहे, आणि त्याच कुळातलं फणशीचं झाड खाडीपासून दूर, गोड्या पाण्याच्या ओहोळाशी जंगलात वाढतं.

म्हणजे खारं पाणी सोसायची विद्या वनस्पतींनी एकदाच शिकून वाटून घेतलेली नाही. वेगवेगळ्या घराण्यांनी ती आपापली शिकली. तिवरेची श्वासमुळं पेन्सिलीएवढी बारीक आणि चिपीची जाड, खुंट्यांसारखी असतात, हे यामुळेच. मीठ काढून टाकायच्या रीतीही वेगळ्या. तिवरेच्या पानाला जीभ लावून बघा, खारट लागेल, कारण पानावरच्या ग्रंथी मीठ बाहेर टाकतात. कांदळ मीठ मुळाशीच अडवतो. खारफुटी हा शब्द राहणीमान सांगतो, नातं सांगत नाही. कांदळवन पुन्हा लावताना एकाच जातीची रोपं ओळीत लावून भागत नाही असं मी सगळ्यांना सांगतो, त्याचं एक कारण इथे आहे.

शाळेत एकदल आणि द्विदल शिकलो. तेही बदललं का?

अर्धं बदललं. एकदलांचा गट टिकला. माड, पोफळ, भात, हळद, केळ हे सगळे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. द्विदल मात्र नैसर्गिक गट ठरला नाही, कारण एकदलं फुटण्याच्या आसपासच काही जुनी घराणीही वेगळी झाली आणि ती उरलेल्या द्विदलांच्या आत बसत नाहीत.

यासाठी कोकणातली मसाल्याची बाग बघावी. पोफळीवर चढलेली मिरी, कडेची दालचिनी, सावलीतलं जायफळ. तिघांच्या बीला दोन दलं आहेत, पण तिघंही खऱ्या द्विदलांत नाहीत. सीताफळ आणि सोनचाफ्यासह ती मॅग्नोलियाच्या जुन्या शाखेत मोडतात. दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला पाणथळीत रानजायफळांची राई आहे, तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळालेला आहे. तिथली झाडं याच शाखेची. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली त्यांची मुळं पाहिली की खारफुटीची आठवण येते. तीही वेगळ्या वाटेने आलेली.

रातांबा, उंडी आणि सुरंगी पूर्वी एकत्र होती ना?

होती. तिघांच्या खोडातून चीक येतो, पानं जाड असतात, फुलांत पुंकेसरांचा झुबका असतो. डीएनएवरून कळलं की उंडी, सुरंगी आणि नागकेशर एका फांदीवर, तर रातांबा दुसऱ्या. २००९ च्या वर्गवारीत उंडीच्या फांदीला वेगळं कुळ मिळालं. वेंगुर्ल्याकडे मार्च महिन्यात सुरंगीचे वळेसार विकणाऱ्या बायकांच्या हिशोबात याने काही बिघडत नाही. पण कोकमातला एखादा औषधी घटक आणखी कशात सापडेल, असं शोधणाऱ्याने आता आधी गार्सिनियाच्या, म्हणजे रातांब्याच्याच प्रजातीतल्या, इतर जातींकडे वळावं, उंडीकडे नंतर.

कमळ आणि कुमुद?

दोन्ही तळ्यात वाढतात, दोन्हींची पानं गोल, म्हणून एकत्र ठेवली होती. कुमुद सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एका शाखेवर आहे. कमळाचे जवळचे नातलग मात्र जमिनीवरचे वृक्ष आहेत, त्यांत काश्मीरचा चिनार येतो. मला पहिल्यांदा हे वाचल्यावर दोन दिवस पटलं नव्हतं.

खैराला आता ‘अकेशिया’ का म्हणत नाहीत?

बाभूळ, खैर, शिकेकाई आणि आपल्याकडे लागवडीत आलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ ही सगळी अकेशिया या एका प्रजातीत होती. तिच्यात १३०० हून जास्त जाती होत्या, त्यांतल्या हजाराच्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या. तपासणीत दिसलं की हे एक घराणं नाही, अनेक आहेत. फोडायचं ठरलं, पण मूळ नाव कोणाकडे ठेवायचं यावर मोठा वाद झाला. नियमाप्रमाणे ते आपल्या बाभळीच्या गटाकडे जायला हवं होतं, कारण नावाचा आधारनमुना, म्हणजे ज्या जातीशी ते नाव बांधलेलं असतं ती, तिकडचा होता. २००५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या व्हिएन्नाच्या अधिवेशनात तो आधारनमुना बदलून नाव ऑस्ट्रेलियन गटाला देण्यात आलं आणि २०११ साली मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. कारण व्यवहाराचं होतं: जास्त जातींची नावं बदलायला लागू नयेत. तेव्हापासून बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका आणि खैर सेनेगॅलिया कॅटेचू.

झाडं वेगवेगळी करण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते पुराव्यावर झालं. नाव कोणाला द्यायचं हा निर्णय मात्र मतदानाने झाला आणि अकेशिया हे नाव ज्या नाइलच्या बाभळीवरून आलं तिच्याकडूनच ते गेलं, याची मला आजही हळहळ वाटते. वर्गवारी आणि नामकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणातून चांगलं समजतं.

शास्त्रीय नावं इतकी बदलतात, तर आमची मालवणी नावंच बरी नाहीत का?

गावात बरी. टाकळ्याची कॅसियाची सेन्ना झाली तरी भाजी टाकळ्याचीच होते. पण गावाची शीव ओलांडली की पंचाईत. समुद्रकाठच्या झुडपांवर पिवळी-हिरवी दोऱ्यांसारखी वेल पसरलेली असते, तिला लोक अमरवेल म्हणतात. आत बागेत मेंदीच्या कुंपणावर असते तिलाही अमरवेलच. पहिली बहुधा दालचिनीच्या कुळातली असते. दुसरी रताळ्याच्या आणि वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या कुळातली. दोघींनी पानं टाकली, दोघी दुसऱ्याच्या जिवावर जगायला लागल्या, आणि दिसायला जुळ्या बहिणी झाल्या. औषधाला कोणती आणली हे नुसत्या मराठी नावावरून कळणार नाही.

तरीही स्थानिक नावं लिहून ठेवा, कोणत्या गावात कोण काय म्हणतं ते लिहा. कित्येकदा गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी दोन नावांनी ओळखलेली झाडं पुस्तकात एक म्हणून नोंदलेली असतात, आणि नीट बघितलं की दोन असू शकतात. ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही त्यासाठी चांगली जागा आहे.

कातळ-सड्यावर अजून नवीन काही सापडतं का?

सापडतं. एप्रिलमध्ये भाजून निघालेला कातळ आणि ऑगस्टमधला तोच कातळ, हे दोन वेगळे प्रदेश वाटतात. मातीचा थर बोटभर, पाणी दोन-तीन महिने साठलेलं, पोषण जवळजवळ नाही. अशा जागी जे टिकतं ते दुसरीकडे सहसा दिसत नाही. पहिल्या पावसानंतर पांढरी फुलं घेऊन येणाऱ्या दीपकाडीच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, डिपकॅडी कोंकनेन्स. ती पूर्वी लिलीच्या अवाढव्य कुळात होती. ते कुळ मोडलं तेव्हा दीपकाडी, फोडशी आणि शतावरी एका घरी गेल्या, कळलावी दुसऱ्या, कोरफड तिसऱ्या आणि कांदा चौथ्या घरी.

पण सड्यावरचं खरं कोडं म्हणजे गेंद. पांढऱ्या मण्यांसारखे गोंडे काडीवर उभे असतात, लांबून सगळे सारखे. एका गोंड्यात पुष्कळ फुलं, प्रत्येक फूल मोहरीहून लहान, आणि जाती ओळखायची ती त्या फुलाच्या आतल्या पाकळीवरून आणि बीच्या पृष्ठभागावरच्या नक्षीवरून. भारतात या प्रजातीच्या शंभराहून जास्त जाती आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे संशोधक गेंदांचा उत्क्रांतीचा इतिहास उलगडायला पश्चिम घाटात नमुने गोळा करत होते. त्यांच्या नमुन्यांत दोन जाती कोणाशीच जुळेनात. २०२० साली त्या नव्या म्हणून जाहीर झाल्या. सिंधुदुर्गात सापडलेलीचं डोकं बारीक, म्हणून नाव एरिओकॉलॉन पार्विसेफॅलम. दुसरी कर्नाटकातल्या कुमट्याची, किनारपट्टीच्या कानडी ‘करावळी’ या नावावरून करावळेन्स. वंशावळ काढायला निघाले आणि घरात न मोजलेली माणसं सापडली, असं ते झालं.

शेजारी निळी-जांभळी सीतेची आसवं असतात, मुळांसारख्या दिसणाऱ्या धाग्यांवर बारीक पिशव्या लावून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडणारी. तिच्या एका पाणवनस्पती बहिणीचा संपूर्ण डीएनए २०१३ साली वाचला गेला. तो जेमतेम ८ कोटी २० लाख अक्षरांचा निघाला, माणसाचा ३०० कोटींचा. जनुकांची संख्या मात्र माणसापेक्षा कमी नाही. अडगळ टाकून संसार आटोपशीर केलेला.

सडा म्हणजे पडीक जमीन, असं सातबाऱ्यावर लिहिलेलं बघितलं की मला फार वाईट वाटतं. चिऱ्यांच्या खाणीखाली गेलेला सडा परत येत नाही आणि तिथल्या गेंदाचं पान सिलिका जेलमध्ये ठेवायची वेळही निघून जाते.

हापूसचा डीएनए बघून देवगडचा आंबा ओळखता येईल का?

नाही. हापूस कलमाने वाढतो. एका झाडाची काडी दुसऱ्या रोपावर, त्याची तिसऱ्यावर, असं शेकडो वर्षं चाललं आहे. म्हणून देवगडचा, रत्नागिरीचा आणि कर्नाटकातला हापूस जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकच झाड आहे. फळ हापूसचं आहे की दुसऱ्या वाणाचं, हे डीएनए सांगेल. ते कोणत्या मातीत पिकलं हे सांगणार नाही. २०१८ साली कोकणच्या पाच जिल्ह्यांना मिळालेलं भौगोलिक मानांकन माती-हवेचं आहे, रक्ताचं नाही.

उलट रायवळ. बाठ्यातून आलेलं प्रत्येक झाड वेगळं, कारण परागीभवनात दोन झाडांची जनुकं मिसळतात. उद्या नवा रोग आला तर त्याला तोंड द्यायची ताकद सापडण्याची शक्यता हापूसच्या लाख कलमांपेक्षा रायवळच्या शंभर झाडांत जास्त. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ आला, तो अशा मिसळणीतूनच. परसातला जुना रायवळ तोडायला काढला असेल तर आधी त्याचं फळ चाखलेल्या माणसांना विचारा.

माड आपला की बाहेरून आलेला?

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरच्या १३०० हून अधिक माडांचा डीएनए तपासला. लागवडीखालच्या माडांचे दोन स्पष्ट गट निघाले, एक प्रशांत महासागराचा आणि एक हिंदी महासागराचा. म्हणजे माड दोन ठिकाणी स्वतंत्रपणे माणसाळला असावा, आणि त्यातलं एक ठिकाण दक्षिण भारत, श्रीलंका, लक्षद्वीप, मालदीवच्या टापूत. आपला बाणवली माड याच बाजूचा. काजू मात्र ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला.

डीएनए कधी चुकत नाही का?

डीएनए चुकत नाही, पण आपण वाचताना आणि अर्थ लावताना चुकतो. हरितलवक बहुतेक झाडांत फक्त आईकडून येतं. दोन जातींचा संकर झाला असेल तर हरितलवक आईची कथा सांगतं आणि पेशीकेंद्रकातला डीएनए दोघांची. नुसतं हरितलवक वाचून काढलेली वंशावळ अशा वेळी अर्धीच असते. परजीवी झाडांत प्रकाशसंश्लेषणाची जनुकं निकामी होतात, भराभर बदलतात आणि झाड भलत्याच फांदीवर जाऊन बसतं. आणि सर्वांत साधी चूक म्हणजे मुळात पान भलत्याच झाडाचं घेतलेलं असणं. म्हणून अक्षरमालेबरोबर दाबून वाळवलेला नमुना संग्रहात ठेवलेला असावा लागतो. उद्या शंका आली तर कपाट उघडून बघता येतं. ज्या अक्षरमालेमागे नमुना नाही, तिच्यावर मी विसंबत नाही.

जुने वाळके नमुने आता कशाला ठेवायचे?

कारण त्यांच्यातूनही डीएनए निघतो. लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या पुढाकाराने २०२४ साली सपुष्प वनस्पतींचा एक प्रचंड वंशवृक्ष प्रसिद्ध झाला. ९५०० हून अधिक जाती, आणि प्रत्येकीतली ठरलेली ३५३ जनुकं. त्यात संग्रहातले जुने नमुने होते, काही जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचे. एक झाड तर जगातून नाहीसं झालेलं होतं, तरी त्याला वंशवृक्षात जागा मिळाली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातला ब्लॅटर संग्रह किंवा पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह यांच्याकडे या नजरेने बघा. तिथल्या एकेका कागदावर आज इमारत उभी असलेल्या एखाद्या कोकणी टेकडीचं पान चिकटवलेलं आहे.

याच वृक्षाने डार्विनच्या एका जुन्या कोड्यावरही प्रकाश टाकला. फुलांची झाडं इतकी अचानक, इतक्या प्रकारांनी कशी आली, याला त्याने १८७९ साली हूकरला लिहिलेल्या पत्रात भयंकर गूढ म्हटलं होतं. जीवाश्मांच्या वयाशी डीएनएमधले बदल जुळवले तर दिसतं की मुख्य शाखांपैकी ८० टक्क्यांहून अधिक शाखा सुरुवातीच्याच काळात, १४ कोटी वर्षांपूर्वीनंतर लवकरच फुटल्या. नंतर सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी पुन्हा एक उधाण आलं. गूढ पुरतं सुटलं नाही, पण डार्विनला जे अचानक वाटलं ते खरोखरच अचानक होतं, एवढं ठरलं.

बाजारातली अशोकाची साल खरी की खोटी, हे कळतं का?

कळू शकतं. २००९ साली वनस्पतींसाठी हरितलवकातले दोन तुकडे ओळखपत्र म्हणून ठरवण्यात आले. वस्तूवरची पट्टी वाचावी तसं ते वाचायचं. सीता अशोकाच्या सालीत सरळसोट वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल मिसळतात. दोघांची कुळं वेगळी, त्यामुळे ओळख पटवणं सोपं. मात्र उकळलेल्या काढ्यात किंवा अर्कात डीएनए तुटलेला असतो, तिथे रासायनिक तपासणीच हवी. अगदी जवळच्या जातींमध्येही हे दोन तुकडे अपुरे पडतात.

मोबाईलवरचं ॲप झाड ओळखतं, मग शिकायचं कशाला?

आंबा, बहावा, घाणेरी यांना ॲप छान ओळखतं. फुलाचा फोटो स्वच्छ असेल तर कारवीही. गेंद, गवतं, जांभळाच्या रानटी जाती यांच्यात ते बेधडक चुकतं, कारण ज्या खुणांनी जाती ठरते त्या फोटोत येतच नाहीत. ॲपचं उत्तर सुरुवात म्हणून घ्या. नाव आज कोणतं मान्य आहे हे क्यूच्या जागतिक वनस्पती सूचीत ताडून बघता येतं, ती मोफत आहे.

मुलगी बारावीनंतर वनस्पतिशास्त्र घेते आहे. परीक्षेत कोणतं कुळ लिहायचं?

अभ्यासक्रमात जी पद्धत दिली असेल तिच्यातलं. बेंथॅम-हूकर लिहायला सांगितलं असेल तर सागवान व्हर्बिनेसीतच लिहावा आणि पद्धतीचं नाव द्यावं. पण तिला सांगा, दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून कुठे फरक पडला ते वहीत लिही. त्या फरकांच्या जागीच सगळं शिकायला मिळतं. आणि फूल उघडून बघायची सवय सोडू नको म्हणावं. डीएनए वाचता येणारी मुलं आता पुष्कळ आहेत, सड्यावर गुडघे टेकून भिंगातून बघणारी कमी आहेत.

मला वाटतं, मला नवीन झाड सापडलं आहे. काय करू?

उपटू नका. पूर्ण झाड, पान वरून-खालून, फूल समोरून आणि बाजूने, फळ, आणि आजूबाजूची जागा, असे फोटो काढा. शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा. तारीख, गाव, सड्याचं किंवा ओहोळाचं नाव, पाणी किती होतं, लोक काय म्हणतात, हे त्याच दिवशी लिहा. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून रंग आधी. मग जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा, नाहीतर पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राला लिहा. नमुना घ्यायची गरज पडली तर तो त्यांच्या सल्ल्याने घ्यावा, आणि राखीव जंगल असेल तर वनखात्याच्या परवानगीनेच.

बहुतेक वेळा ते झाड आधी नोंदलेलंच निघतं. तरी तुमच्या गावातली त्याची ती पहिली नोंद असू शकते. नेमकी जागा मात्र सगळ्यांसाठी उघड करू नका. कंदीलपुष्प आणि ऑर्किडांच्या जागा उघड झाल्या की पुढच्या पावसात तिथे खड्डे दिसतात.